सोळा भोकांची पेटी

आमच्या घरी दर रविवारी सकाळी साडेआठला दादाचा फोन येतो. फोन म्हणजे व्हिडिओ कॉल. तो न्यू जर्सीत, तिकडे शनिवारची रात्र. त्याची जेवणं झालेली असतात आणि आमचे पोहे व्हायचे असतात. गेली कित्येक वर्षं हा नेम सहसा चुकलेला नाही.

आईला आता ऐकू कमी येतं. कानाचं यंत्र आहे, पण ते बहुतेक वेळ डबीत असतं. समोरच्याच्या ओठांकडे बघून ती बरंचसं समजून घेते. आम्हा घरच्यांना याची इतकी सवय झालीय की तिच्याशी बोलताना आपोआप तिच्या समोर जाऊन उभं राहतो. दादाला मात्र हे पडद्यातूनच करावं लागतं आणि पडदा नेमका दगा देतो. चित्र थिजतं, आवाज पुढे जातो, मग चित्र धावत धावत त्याला गाठतं. तोवर ओठ आणि शब्द यांची फारकत झालेली असते. आई "हो, हो" म्हणत राहते. दादाने काय विचारलं हे तिला कळलेलं नाही, हे त्यालाही कळतं.

मे महिन्यात एका रविवारी फोन वाजला आणि आई म्हणाली, "त्याला सांग, मी आंघोळीला गेलेय."

ती माझ्या समोरच बसली होती. आंघोळ, पूजा, सगळं कधीच उरकलं होतं.

त्या दिवशी ठरवलं, आता पुरे. आईच्या खोलीत वायर टाकायची.

आमचा राउटर हॉलमध्ये आणि आईची खोली अगदी मागे. मध्ये तीन भिंती, त्यातली एक स्वयंपाकघराची, जिला लागून फ्रिज. वायफाय तिथवर पोचतो तो धापा टाकतच. राउटरला मागे वायरसाठी चार जागा आहेत, पण त्या चारही भरलेल्या: टीव्हीची पेटी, माझा पीसी, प्रिंटर आणि लेकीच्या अभ्यासाचं टेबल. पाचव्या वायरीला जागाच नाही. म्हणजे स्विच आणणं आलं.

"स्विच? मग दिवा कुठे लावणारेस?" आईने विचारलं. :-)

नवा छोटा स्विच काही फार महाग नसतो. पण तापकीर गल्लीत गेलो आणि जुन्या मालाच्या दुकानात वळलो नाही असं माझ्या हातून आजवर झालेलं नाही. तिथे कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसचं सामान रचून ठेवलं होतं. कीबोर्डांची चळत, वायरींची भेंडोळी आणि खाली एक जाड पत्र्याची पेटी: सोळा पोर्ट, वेग सेकंदाला १०० मेगाबिट. साडेचारशे सांगितले, साडेतीनशेत दिली. दुकानदाराने तिथेच पट्टीला लावून दिवे दाखवले. मी झाकण उघडून आतले कपॅसिटर फुगलेत का ते बघितलं. जुन्या वस्तूत पहिल्यांदा तेच दगा देतात. ठीक होते. घेऊन आलो.

घरी येऊन ओल्या फडक्याने पुसली तेव्हा पोर्टांच्या वर चिकटवलेली कागदाची पट्टी दिसली. त्यावर बॉलपेनने लिहिलं होतं: अकाउंट्स १, अकाउंट्स २, स्टोअर, रिसेप्शन, साहेब. बाकीची जागा कोरी.

ती पट्टी मला काढवेना. त्या ऑफिसात कोण होतं, ते का बंद पडलं, काहीच माहीत नाही. पण ही पेटी आली कुठून या विचाराने मला त्या रात्री झोप येईना. म्हणजे ऑफिसातून नव्हे, मुळातच कुठून आली? थोडंफार कॉलेजात शिकलो होतो, थोडं नोकरीत बघितलं होतं. ते सगळं परत एकदा जोडून बघितलं. कंटाळा येणाऱ्यांनी सरळ शेवटाकडे उडी मारावी, राग नाही.

गोष्ट सुरू होते हवाईत. बेटंच बेटं, मध्ये समुद्र. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन नावाचे प्राध्यापक होते. वेगवेगळ्या बेटांवरच्या लोकांना होनोलुलूतला मोठा संगणक वापरता यावा म्हणून त्यांनी १९७१ साली रेडिओवर चालणारं एक जाळं उभारलं. नाव अलोहानेट. त्याचा नियम विलक्षण सोपा होता. ज्याला बोलायचंय त्याने बोलून मोकळं व्हावं. पोचल्याची पावती आली तर उत्तम. नाही आली तर समजायचं की त्याच वेळी आणखी कुणीतरी बोललं आणि दोघांचं एकमेकांत मिसळलं. मग थोडं थांबायचं आणि परत बोलायचं. किती थांबायचं? ते प्रत्येकाने नशिबावर सोडायचं.

हे 'नशिबावर'च महत्त्वाचं. पूर्वी अमेरिकेला फोन लावला की आवाज पोचायला वेळ लागायचा, आठवतंय? दोघं एकदम बोलायचे, दोघं एकदम गप्प व्हायचे, मग "तू बोल", "नाही, तूच बोल", हेही एकदमच. दोघंही सारखाच वेळ थांबले तर ही कोंडी सुटतच नाही. एकाने जरा जास्त थांबायला हवं, आणि ते आधी ठरवता येत नाही. म्हणून फासे टाकायचे.

अलोहात एक उणीव होती. बोलण्याआधी कुणी ऐकतच नसे. त्यामुळे गर्दी वाढली की टकरीही वाढत. गणित मांडलं तर त्या वाहिनीचा फार तर १८ टक्के वेळ सत्कारणी लागू शकतो.

आता कॅलिफोर्निया. पालो आल्टो गावात झेरॉक्स कंपनीची पार्क नावाची प्रयोगशाळा होती. तिथे १९७३ साली 'आल्टो' नावाचे संगणक तयार होत होते, प्रत्येक माणसाच्या टेबलावर एक. हे सगळे एकमेकांना आणि लेसर प्रिंटरला जोडायचे कसे, हा प्रश्न बॉब मेटकाफ या तरुणाकडे आला. त्याचा पीएचडीचा प्रबंध हार्वर्डने एकदा नाकारला होता. मग अलोहाचं गणित सुधारून त्यात घातलं, तेव्हा कुठे तो पास झाला. (ज्यांचे प्रबंध रखडलेत त्यांनी धीर धरावा.) त्याने २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहिलं आणि जाळ्याला नाव दिलं 'ईथरनेट'.

ईथर म्हणजे प्रकाश ज्यातून वाहतो असं एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ मानत, तो सर्वत्र भरलेला अदृश्य पदार्थ. मायकेलसन आणि मोर्ले यांनी १८८७ साली तो शोधायचा प्रयोग केला आणि तो काही सापडला नाही. रिकामं पडलेलं ते नाव मेटकाफने उचललं. टिपणात त्याने मुद्दामच म्हटलं होतं की याला 'केबल' म्हणू नका. आज केबल आहे, उद्या रेडिओही असेल, कुणी सांगावं! हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डेव्हिड बॉग्ज या सहकाऱ्याबरोबर त्याने ते जाळं प्रत्यक्षात आणलं. एक लांब केबल आणि सगळे संगणक तिलाच जोडलेले. वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट. नियम दोन जास्तीचे. बोलण्याआधी ऐका, कुणी बोलत असेल तर थांबा. आणि बोलतानाही ऐकत राहा, टक्कर झाली तर लगेच गप्प व्हा. मग फासे टाका. परत टक्कर झाली तर फाशांवरचे आकडे दुप्पट करा, म्हणजे गर्दी जितकी जास्त तितकं प्रत्येकाने जास्त थांबायचं. सोळा वेळा आपटून झाल्यावर मात्र नाद सोडायचा.

मला यातली वृत्ती फार आवडते. टक्कर होणारच, असं त्यांनी आधीच मान्य केलं. रांग लावणारा हवालदार ठेवला नाही. प्रत्येकाने आपापलं भान ठेवायचं, एवढंच. आयबीएमची टोकन रिंग नेमकी उलट होती. तिथे एक टोकन फिरायचं आणि ते ज्याच्या हाती त्यानेच बोलायचं. शिस्त म्हणावी तर ती! आमच्या कॉलेजातले सर टोकन रिंगचं कौतुक करत. बाजाराने मात्र ईथरनेटला पसंती दिली. डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी १९८० साली त्याचं दहा मेगाबिटचं मानक सर्वांसाठी प्रसिद्ध केलं, मग कुणीही कार्ड बनवू शकत होतं आणि ती स्वस्त होत गेली.

सुरुवातीची केबल अंगठ्याएवढी जाड असे, बहुतेकदा पिवळी. तिला दात रुतवून जोड काढायचे, म्हणून त्या जोडाला 'व्हॅम्पायर टॅप' म्हणत. नंतर बारीक केबल आली. ही मी स्वतः वापरलीय. पहिली नोकरी, १९९७ साल. ऑफिसभर एकच काळी केबल या टेबलावरून त्या टेबलावर गेलेली, प्रत्येक संगणकामागे 'टी' आकाराचा जोड आणि दोन्ही टोकांना ५० ओहमची टोपणं. कुणी टेबल सरकवताना जोड निखळला की सगळं ऑफिस ठप्प! मग आम्ही ज्युनियर मंडळी टेबलांखाली रांगत जायचो. एकदा दीड तास शोधून कळलं की झाडताना एका टोकाचं टोपण निघालं होतं आणि ते मावशींनी जपून टेबलावर ठेवलं होतं. नाणं वाटलं असावं बिचाऱ्यांना.

यावर तोडगा म्हणजे हब. टेलिफोनसारख्या पिळाच्या तारा वापरणारं मानक १९९० साली आलं. प्रत्येकाला वेगळी तार आणि सगळ्या तारा एका पेटीत. एक तार तुटली तर एकाच माणसाचं काम थांबे. पण पेटीच्या आत सगळं तसंच होतं. एकाचं बोलणं हब सगळ्यांना ऐकवायचा, तेव्हा एका वेळी एकानेच बोलायचं. आमच्या हबवर 'सीओएल' असं लिहिलेला नारिंगी दिवा होता, टक्कर झाली की लुकलुकायचा. महिनाअखेरीला तो जवळजवळ विझायचाच नाही.

हबसारखीच दिसणारी पण डोकं असलेली पेटी म्हणजे स्विच. आणि इथे एक मजा आहे. अनेक पोर्टांचा पहिला ईथरनेट स्विच १९९० च्या सुमारास बाजारात आणला तो सिलिकॉन व्हॅलीतल्या एका छोट्या कंपनीने. सात पोर्टांचा होता. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज, आणि कंपनीला नाव त्यांनी आपल्या पत्नीचं दिलं होतं: 'कल्पना'. काय कल्पना आहे ना! १९९४ साली सिस्कोने ती कंपनी विकत घेतली आणि ते नाव मागे पडलं. जगभरच्या कपाटांत, जिन्यांखाली, छतांच्या वर आज ज्या असंख्य पेट्या लुकलुकतायत, त्यांच्या मूळपुरुषाचं, नव्हे मूळस्त्रीचं, नाव आपल्याला उच्चारायला इतकं सोपं आहे हे मला आधी माहीतच नव्हतं.

स्विच करतो ते काम जुन्या काळच्या पोस्टमनचं. ईथरनेटच्या प्रत्येक कार्डाला जन्मतः ४८ बिटांचा पत्ता असतो. असे पत्ते एकूण २८१ लाख कोटींहून जास्त होऊ शकतात, त्यामुळे तुटवड्याची चिंता नाही. स्विचला सुरुवातीला काहीच माहीत नसतं. पाकीट आलं की तो पाठवणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि नोंद करतो, हा अमुक पोर्टावर राहतो. घेणारा कुठे राहतो हे ठाऊक नसेल तर पाकीट सगळ्यांना दाखवतो. घेणाऱ्याने उत्तर दिलं की त्याचंही घर कळतं. पुढच्या वेळेपासून पाकीट थेट त्याच्याच दारात. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. कुणी बराच वेळ गप्प राहिलं तर त्याची नोंद पुसून टाकतो. न सांगता शिकतो आणि जुनं विसरतोही.

यामुळे झालं काय, तर एका तारेवर फक्त दोघंच उरले, एकीकडे संगणक आणि दुसरीकडे स्विच. जाण्याच्या तारा वेगळ्या, येण्याच्या वेगळ्या. दोघंही एकदम बोलले तरी टक्कर नाही. हे दुहेरी बोलणं मानकात आलं १९९७ साली. म्हणजे आधी ऐका, मग बोला, टक्कर झाली तर फासे टाका, ही जी ईथरनेटची सगळी ओळख होती तीच संपली. उरलं ते नाव आणि पाकिटाचा आकार. एका पाकिटात १५०० बाइटांचा मजकूर, ही १९८० सालची मर्यादा अजून सगळीकडे चालते. माणसं बदलली, वाडा पाडून फ्लॅट झाले, पण दारावरची पाटी तीच राहिली, तसं काहीसं.

असो. रविवार उजाडायच्या आत काम उरकायचं होतं. वीस मीटर वायर लागली. दाराच्या चौकटीवरून पट्टी मारून, फ्रिजमागून, विजेच्या वायरीपासून हातभर लांब ठेवून ती आईच्या खोलीत नेली. टोकं स्वतः क्रिंप केली. दोन बिघडली, तिसरं जमलं. आईच्या टेबलावर माझा जुना लॅपटॉप ठेवला, कारण जुन्या लॅपटॉपला वायरीची जागा असते. वायरीचं दुसरं टोक स्विचमध्ये घालताना क्षणभर थांबलो आणि 'साहेब' लिहिलेल्या पोर्टात घातलं.

साडेआठला दादाचा फोन आला. चित्र स्वच्छ. आई पुढे सरकून बसली. पाच मिनिटं छान गेली आणि दादा "आई, ऐक ना" म्हणाला न म्हणाला तोच सगळं बंद! आईचंच नव्हे, सगळ्या घराचं. टीव्ही बंद, लेकीचा पीसी बंद, फोनवरचा वायफायसुद्धा मेला. "माझा हात लागला का रे कशाला?" आई घाबरून विचारत होती. मी राउटर बंद-चालू केला, दोनदा केला. वीस मिनिटांनी लक्ष स्विचकडे गेलं. सगळे दिवे एकाच तालात वेड्यासारखे लुकलुकत होते. आमचा भाचा सकाळीच आला होता. स्विचमधून एक छोटी वायर लोंबकळत होती, एक टोक लावलेलं, दुसरं मोकळं. मीच चाचणीसाठी लावून तशीच सोडली होती. त्या गुणी मुलाने मोकळं टोक नीट दुसऱ्या पोर्टात बसवलं होतं.

आता सगळ्यांना उद्देशून निघालेलं एक पाकीट या भोकातून बाहेर, त्या भोकातून आत, परत बाहेर, परत आत, असं फिरत राहिलं. ईथरनेटच्या पाकिटावर 'इतक्या फेऱ्यांनंतर टाकून द्या' असं काही लिहिलेलं नसतं. ते मरत नाही. क्षणात अशा पाकिटांचा पूर येतो.

हा धोका फार पूर्वीच ओळखला गेला होता. १९८५ साली डिजिटल कंपनीत राडिया पर्लमन यांनी त्यावर उपाय काढला. सगळ्या पेट्यांनी आपसांत ठरवून एकाला मूळ मानायचं आणि त्याच्यापासून फांद्या फुटाव्यात तसं झाड करायचं. ज्या वायरीने वर्तुळ पूर्ण होतं ती गरज पडेपर्यंत बंद ठेवायची. युक्ती एका रात्रीत सुचली, लिहायला दोन दिवस लागले आणि उरलेल्या आठवड्यात त्यांनी तिच्यावर एक छोटी कविताही केली. मोठ्या स्विचमध्ये हे झाड असतं. माझ्या साडेतीनशेच्या पेटीत नाही. तिथे झाड राखायचं काम माझं.

वायर उपटली. सगळं सुरळीत झालं. दादाने परत फोन केला, तिकडे साडेअकरा वाजत आले होते.

नंतर मी फोनवर आसपासचे वायफाय मोजले. तेवीस नावं दिसली. वरचे, खालचे, समोरच्या बिल्डिंगचे. वायफायचं १९९७ सालचं मानक याच नियमांवर चालतं: आधी ऐका, मग बोला, फासे टाका आणि थांबा. तिथे टक्कर होताना ऐकूही येत नाही, कारण बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज मोठा असतो. म्हणून पावती आली नाही तर समजून घ्यायचं, अगदी अलोहासारखं. मेटकाफच्या टिपणातलं ते 'उद्या रेडिओही असेल' असं खरं झालं. म्हणजे आमची आई इतके दिवस १९७१ च्या हवाईत बसून तेवीस बेटांच्या गलक्यात दादाचं बोलणं समजून घेत होती. मी तिला फक्त १९९० सालापर्यंत आणून सोडलं.

त्यासाठी वेग लागला नाही. अशा कॉलला तीन-चार मेगाबिट पुरतात आणि आमच्या वायफायचा वेग कागदावर त्याहून कितीतरी जास्त होता. लागलं ते हे, की तिची पाळी यायची वाट बघावी लागू नये. ज्याला कमी ऐकू येतं त्याला जोरात बोललेलं नको असतं. मधे कुणी न बोललेलं हवं असतं. हे आम्ही घरात करतच होतो, तिच्या समोर जाऊन उभे राहत होतो. वायरीतही तेच करावं लागतं, हे मला उशिरा कळलं.

अब्रॅमसन २०२० साली गेले, बॉग्ज २०२२ साली. मेटकाफना २०२२ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं.

परवाच्या रविवारी कॉल पाऊण तास चालला. पोहे गार झाले. मी हॉलमध्ये बसून बघत होतो. 'साहेब' पोर्टाचा हिरवा दिवा लुकलुकत होता. त्याच्या शेजारी अजून एक दिवा आहे, त्याखाली छापलंय 'एफडीएक्स/सीओएल'. टक्कर झाली तर तो लुकलुकतो, दोन्ही बाजूंनी एकदम बोलता येत असेल तर नुसता स्थिर पेटून राहतो.

तो स्थिर होता. आतून आईचा आवाज येत होता आणि दादाचाही. दोघं एकदमच बोलत होते.